फरीदाबादची हजेरी

४ ऑगस्ट, सोमवार

सूड पुरा होईपर्यंत शेंडीला गाठ मारायची नाही, अशी जुनी पद्धत आहे. मला शेंडी नाही. खरं तर केसही फारसे नाहीत. म्हणून ही रोजनिशी.

आज दुपारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये पद्मजाबाईंनी मला म्यूट केलं.

पुन्हा लिहितो, म्हणजे कागदालाही लाज वाटेल. म्यूट केलं. मी रोमन सिनेटच्या ऱ्हासावरून हळूहळू मुद्द्याकडे येत होतो. फार तर आणखी वीस मिनिटं लागली असती. आवाज बंद झाल्याचं मला कळलंच नाही. मी मुद्द्यावर आलो, शेवट केला, टेबलावर मूठ आपटली. मग पडद्याकडे पाहिलं. निम्मे चेहरे गेलेले. एक जण जेवत होता. सचिव माथुरसाहेब मला हाताने कानाची खूण करत होते.

उद्या कोणी इतिहास लिहायला बसेल, त्याच्यासाठी खुलासा. मी यशवंत, मानेसरच्या टेस्टबेडचा प्रमुख. त्या फरीदाबादच्या टेस्टबेडच्या प्रमुख. टेस्टबेड म्हणजे स्विच, सर्व्हर आणि अँटेना यांनी भरलेली खोली. नेटवर्कवर संशोधन करणारी मुलं तिथे आपले प्रयोग करून बघतात. आमच्या संघात अशा बारा खोल्या. प्रत्येकीचं लॉगिन वेगळं, अर्ज वेगळा, नखरे वेगळे. गुवाहाटीच्या विद्यार्थ्याला फरीदाबादचा अँटेना आणि मानेसरचा सर्व्हर एकाच प्रयोगात वापरायचा असेल तर त्याची डिग्री संपते, पण परवानगी येत नाही. म्हणून सगळ्यांची मिळून एकच नोंदणी उभी करायची ठरली आहे. कोण सभासद, कोणाकडे काय आहे, कोणाच्या विद्यार्थ्यावर विश्वास ठेवायचा, सगळं एका जागी. तिथे नाव लागलं की बाकी सगळ्यांची दारं उघडी. नाव नसलं की तुम्ही जगातच नाही.

शेवटचं वाक्य लिहिताना अंगावर काटा आला. बाई, तुमची जागा मला सापडली.

५ ऑगस्ट, मंगळवार

संकल्प. रोज पहाटे उठणे. साखर बंद. फरीदाबादचं नाव घेताना चेहऱ्यावर काही न दिसू देणे.

उशिरा उठलो. चहात साखर विजयाने सवयीने घातली, ती टाकून देणं म्हणजे अन्नाचा अपमान.

जेवताना विजयाला प्रतिज्ञा सांगितली. श्रावस्तीने विचारलं, पप्पा, सूड मतलब? वीस वर्षांची मुलगी. दिल्लीत वाढली की एकेक शब्द असा गळतो. विजया पोळी लाटता लाटता म्हणाली, बदला गं. श्रावस्ती म्हणाली, अच्छा! किससे? विजया म्हणाली, ज्या बाईनं यांना मध्येच थांबवलं तिच्याशी. श्रावस्ती म्हणाली, मग पहिला नंबर तुझा, आई.

दोघी पुष्कळ वेळ हसत होत्या. मोठ्या कार्याची सुरुवात घरच्यांच्या हसण्यानेच होते.

१८ ऑगस्ट, सोमवार

विजय! नोंदणी उभारणी समितीचा निमंत्रक म्हणून माझी एकमताने निवड.

माथुरसाहेबांनी विचारलं, हे काम कोण घेणार? कोणीही बोललं नाही. अशी शांतता फक्त आदरातून येते. मग तेच म्हणाले, यशवंतजी, आप ही कर लीजिए यार, आपके पास टाइम भी रहता है. सगळ्यांनी लगेच टाळ्या वाजवल्या. पद्मजाबाईंनीही वाजवल्या. अजाण बाई.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. फेब्रुवारीत दिल्लीला बाराही टेस्टबेडचं संमेलन आहे. उद्घाटनाचं भाषण निमंत्रकाचं. पूर्ण एक तास. खराखुरा हॉल, खराखुरा माईक, समोर माणसं. आणि नोंदणीत ज्या टेस्टबेडचं नाव नाही त्यांच्या प्रमुखांना पाहुणे म्हणून मागे बसवणार.

ठरलं. फेब्रुवारीत मी तासभर बोलणार आणि फरीदाबाद मागे बसून ऐकणार. दोन्ही पाहिजे. एकावर समाधान नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

नोंदणीची नियमावली लिहिली. तिला मी घटना म्हणतो. एकेचाळीस कलमं. अथेन्सपासून आजपर्यंतच्या नियमांचा अर्क आहे. सिद्धांतने वाचून विचारलं, सर, यात सॉफ्टवेअर कुठे आहे? सिद्धांत आमच्या लॅबचा इंजिनिअर, नाशिकचा. हुशार आहे पण दृष्टी लहान. सॉफ्टवेअर त्यालाच लिहायला सांगितलं.

सतरावं कलम माझा हुकमाचा एक्का. प्रत्येक टेस्टबेडने दर मिनिटाला नोंदणीकडे ‘मी आहे’ असा संदेश पाठवायचा. हजेरीच म्हणायची. दहा मिनिटं हजेरी आली नाही की नाव आपोआप गळेल. माणसाने मध्ये हात घालायचा नाही. अध्यक्षानेही नाही. परत यायचं असेल तर नव्याने अर्ज, आणि दुसऱ्या सभासदाने प्रत्यक्ष येऊन तपासणी.

अठरावं कलम: ज्याचं टेस्टबेड नोंदणीत नाही त्याला समितीत कुठलंही पद नाही. पद्मजाबाई तांत्रिक उपसमितीच्या प्रमुख आहेत ना, त्यांच्यासाठी खास.

फरीदाबादला त्यांच्या भागात दिवसातून दोनदा लाईट जाते. हे त्यांनीच एका मीटिंगमध्ये हसत हसत सांगितलं होतं. हसा.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

घटना मंजूर. कोणीही हरकत घेतली नाही. माथुरसाहेब म्हणाले, बहुत डिटेल में है यार, मैंने ऊपर ऊपर से देखा. पद्मजाबाईंनी एवढंच विचारलं की दहा मिनिटं कमी नाहीत का, सर? मी म्हणालो, बघू. माझ्या आवाजात मी स्वतःच न ओळखलेला थंडपणा होता.

सिद्धांत म्हणतो, सर, आपल्याही यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झाल्यात, लाईट गेली तर सात-आठ मिनिटं टिकतील. मी म्हणालो, आपल्याकडे जनरेटर आहे. तो म्हणाला, करोल बागेत माझ्या ओळखीचा माणूस आहे, चांगल्या बॅटऱ्या देतो. मी म्हणालो, बघू. बॅटऱ्यांच्या तरतुदीतून घटना छापून घेतली आहे. पुठ्ठा बांधणी, सोनेरी अक्षरं. बॅटऱ्या पुढच्या वर्षी. बॅटऱ्या काय, येतात आणि जातात.

६ ऑक्टोबर, सोमवार

नोंदणी सुरू झाली. पडद्यावर बारा नावं, प्रत्येकापुढे हिरवा ठिपका. माथुरसाहेबांनी सिद्धांतचं अभिनंदन केलं. चालायचंच. ताजमहालाकडे बघूनही लोक गवंड्याचंच कौतुक करतात. गुवाहाटीच्या एका मुलीने सकाळीच चार ठिकाणची यंत्रं एका अर्जात मिळवली आणि सगळ्यांना आभाराचा मेल टाकला. चांगलं आहे, पण मुद्दा तो नाही.

मी फरीदाबादचं पान उघडून ठेवलं आहे. ठिपका हिरवा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

हिरवा.

८ ऑक्टोबर, बुधवार

हिरवा. ऑफिसच्या बसमध्येही मोबाइलवर बघत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, शेअर मार्केट? मी म्हणालो, हो. किती घसरलं? म्हणालो, अजून नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी फरीदाबादचा ठिपका पिवळा झाला!! तीन मिनिटं. पाच. सहा. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आठ. मनातल्या मनात भाषणाचं पहिलं वाक्य म्हटलं.

हिरवा.

दरोडेखोरही हातातोंडाशी आलेला घास असा हिसकावत नाही. सिद्धांत म्हणाला, लाईट गेली असेल, जनरेटर लावला असेल. मी त्याला विचारलं नव्हतं.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. विजयाने फोन मागून घेतला, कपाटात ठेवला आणि किल्ली श्रावस्तीकडे दिली. म्हणाली, सणाच्या दिवशी तरी परक्या बाईचं तोंड बघू नका. मी म्हणालो, तोंड नाही, ठिपका. ती म्हणाली, तेच ते.

श्रावस्तीकडून दुपारी किल्ली मिळवली. पिझ्झा द्यावा लागला. ठिपका हिरवा.

२९ ऑक्टोबर, बुधवार

शत्रूने चाल केली. पद्मजाबाईंनी प्रस्ताव पाठवला आहे: हिवाळ्यात दिल्लीच्या आसपास हवा बिघडली की डिझेल जनरेटर बंद करायला लावतात. तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारी हजेरीची मुदत दहा मिनिटांऐवजी एक दिवस करावी. नाहीतर चांगले टेस्टबेड विनाकारण गळतील आणि मुलांचे प्रयोग अर्ध्यात अडकतील.

म्हणजे तुमचा जनरेटर बंद होणार तर! हे मला आधी सुचायला हवं होतं. हवेचं प्रदूषण माझ्या बाजूने आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

प्रस्ताव पाडलाच पाहिजे. भाषण तयार करायला घेतलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आयुष्यातलं सर्वात मोठं भाषण आज झालं. माथुरसाहेबांच्या ऑफिसात, समोरासमोर बैठक. मी आधीच सांगून ठेवलं होतं की शब्दन्शब्द इतिवृत्तात घ्यायचा.

मी म्हणालो, सवलत ही वाळवी आहे. आज हिवाळा, उद्या उन्हाळा, परवा घरी लग्न. साम्राज्यं शत्रूमुळे पडली नाहीत, अपवादांमुळे पडली. ज्याला दिवा विझू द्यायचा नाही त्याने तेलाची सोय आधी करावी, नियमाकडे हात पसरू नये. आणि शेवटी, आवाज एकदम खाली आणून: नियमाला हिवाळा नसतो.

हैदराबादचे राव सुरुवातीला प्रस्तावाच्या बाजूने होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, माझं मत बदललं. राव! ज्यांनी आजवर जेवणाची ऑर्डरही बदललेली नाही. माथुरसाहेबांनी ते शेवटचं वाक्य हिंदीत करून डायरीत लिहून घेतलं.

प्रस्ताव पडला. बाजूने फक्त फरीदाबाद आणि गुवाहाटी. बाहेर पडताना पद्मजाबाई म्हणाल्या, बोललात मात्र छान, सर. पण तुमचं मानेसरही दिल्लीच्याच हवेत आहे हो, जनरेटर तुमचाही बंद होणार. मी नुसतं हसलो. हरलेल्या माणसाला काहीतरी बोलायचं असतंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हवा अत्यंत वाईट. समोरची बिल्डिंग दिसत नाही. श्रावस्तीला खोकला. जनरेटर बंदीचा आदेश निघाला. खिडकीशी उभा राहून खोल श्वास घेतला. विजया म्हणाली, वेड लागलंय का, खिडकी लावा.

सिद्धांत परत बॅटऱ्यांचं बोलला. मी म्हणालो, आज फरीदाबादकडे लक्ष दे. तो म्हणाला, सर, त्यांनी मोठ्या बॅटऱ्या बसवल्यात म्हणे, सोलरवर. मी म्हणालो, अफवा.

हजेरीची एक सोय मात्र करून ठेवली आहे. आमची लाईट गेलीच तर हजेरी गुरुग्रामच्या ऑफिसातून पाठवता येते. त्यासाठी माझ्या फोनवर आलेला ओटीपी लागतो. फितुरी होऊ नये म्हणून हा बंदोबस्त मीच केला. चाव्या एकाच कमरेला असाव्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार

करोल बागेत आपल्या लोकांच्या मंडळात माझं व्याख्यान. विषय: वेळेचं भान. वीस मिनिटं दिली होती. श्रोते इतके तल्लीन की तासाभराने थांबलो. फोन सायलेंटवर, कोटाच्या खिशात, कोट खुर्चीवर.

नंतर साबुदाणा वडे. मग फोन पाहिला. सिद्धांतचे फोन. फोनवर फोन. मध्ये सहा ओटीपी, एकापाठोपाठ एक, सगळे शिळे.

मानेसरला लाईट गेली होती. जनरेटर लावता येत नाही. यूपीएस सात मिनिटं चालला. त्यानंतर दहा मिनिटं माझे लोक ओटीपीची वाट बघत बसले आणि मी वेळेच्या भानावर बोलत होतो.

नोंदणीत आता अकरा नावं आहेत.

फरीदाबाद हिरवं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काही बिघडलेलं नाही. शांत डोक्याने विचार केला. नियम मी लिहिला, म्हणजे नियमाचा आत्मा मला माहीत आहे. आत्मा असा होता की निष्काळजी लोक गळावेत. मी निष्काळजी नाही, मी व्याख्यान देत होतो. सबब कलम सतरा इथे लागूच होत नाही. माथुरसाहेबांना सात पानी मेल पाठवला.

त्यांचं उत्तर: अरे यार. मीटिंग रखते हैं.

सिद्धांतला विचारलं, मशीनमध्ये जाऊन नाव परत घालता येणार नाही का? तो म्हणाला, सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, अध्यक्षालाही जमता कामा नये असं कर. तसंच केलंय. एवढं चोख काम त्याने आजवर दुसरं कुठलंच केलेलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बैठक. सगळा तपशील लिहून ठेवतो. पुढे कोणाकोणाचा हिशोब करायचा आहे.

सूट का द्यावी यावर मी पाऊण तास बोललो. माणुसकी, नियमातला ओलावा, अपवाद हेच संस्कृतीचं लक्षण. भाषण मागच्यापेक्षा सरस होतं.

मग राव उठले. म्हणाले, यशवंतजी, पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही माझं मत बदललंत. आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे की मी मत बदलत नाही. बायकोने विचारलं, कोणी बदलायला लावलं? मी अभिमानाने तुमचं नाव सांगितलं. आता काय सांगू?

माथुरसाहेब म्हणाले, आपकी वो लाइन तो मैंने अपने बेटे को भी सुनाई, बोर्ड की परीक्षा है उसकी. मग त्यांनी इतिवृत्त उघडून माझंच भाषण वाचायला सुरुवात केली. वाचायची पद्धत अगदी सपाट. तरीही, अपवादांमुळे साम्राज्यं पडली, या वाक्याला दोघांनी माना डोलावल्या. खरं लिहायचं तर माझीही मान डोलली. वाक्य चांगलंच आहे.

मतदान. मला सूट देण्याच्या बाजूने एक मत.

पद्मजाबाईंचं.

याहून नीच वार मी इतिहासात वाचलेला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कलम अठराप्रमाणे माझं निमंत्रकपद गेलं. नवीन निमंत्रक: पद्मजाबाई. एकमताने. फेब्रुवारीचं भाषणही त्यांच्याकडे.

विजयाने आज काही टोमणा मारला नाही. गुपचूप भाजीत खोबरं जास्त घातलं. त्याचा जास्त राग आला.

संकल्प: नोंदणीत परत जायचं, आतून पोखरायचं.

४ डिसेंबर, गुरुवार

अर्ज केला. तपासणीला प्रत्यक्ष यायला कोणी तयार नाही. राव म्हणतात, धुक्यामुळे विमानं रद्द होतात. माथुरसाहेब म्हणतात, मानेसर बहुत दूर पड़ता है. नोएडाच्या माणसाने फोनच उचलला नाही. आणि मेल आला: मी येते, सर. सोमवारी. पद्मजा.

येऊ दे. आपल्या पायांनी येते आहे. माझ्याच लॅबमध्ये, माझ्याच माणसांसमोर सुनावणार. भाषण तयार आहे. नाव आहे ‘आरोपपत्र’.

८ डिसेंबर, सोमवार

बाई मेट्रोने आणि पुढे शेअर ऑटोने आल्या. ऑटोत फॅक्टरीच्या शिफ्टला जाणारे सात जण आणि त्या. मास्क लावलेला, डोळे लाल, खोकला. येताच म्हणाल्या, सर, आधी पाणी द्या हो. तहानलेल्या माणसाला आरोपपत्र वाचून दाखवणं सभ्यतेत बसत नाही. पाणी दिलं. मग चहा. मग सिद्धांतबरोबर त्या आत गेल्या आणि दोघं केबलींवर बोलत बसले. करोल बागेतल्या त्याच बॅटरीवाल्याकडून त्यांनीही बॅटऱ्या घेतल्या आहेत. जग लहान आहे आणि सगळं माझ्या विरोधात आहे.

बाहेर येऊन म्हणाल्या, खोली किती नीट ठेवलीत. पास. मी कागद काढला. खाकरलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, सर, एक विचारायचं होतं. नोंदणीत कोण कुठलं पान किती वेळा उघडतं ते मला दिसतं. फरीदाबादचं पान सगळ्यात जास्त तुम्ही उघडता. रोज. दिवाळीच्या दिवशीसुद्धा. आमच्या घरच्या माणसांनासुद्धा आमच्या टेस्टबेडची इतकी काळजी नाही.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रदूषणाचं असावं.

पुढे म्हणाल्या की मुदत दहा मिनिटंच राहणार, तुमच्या भाषणापुढे कोणाची टाप नाही. पण समितीने एक जोड दिली आहे. हजेरी थांबली की एका माणसाने त्या टेस्टबेडला फोन करायचा. दहा मिनिटांच्या आत ‘आहोत’ असं उत्तर मिळालं की एक दिवस सूट. फोन गेला नाही तर नाव जाणार. ते काम तुमच्याइतकं मन लावून कोण करणार, सर?

आरोपपत्र परत खिशात गेलं. योग्य वेळ नव्हती.

९ डिसेंबर, मंगळवार

काम स्वीकारलं. कोणालाही कळलेलं नाही की शत्रूने स्वतःच्या मानेवरची सुरी माझ्या हातात दिली आहे. फरीदाबादची हजेरी थांबेल, मी फोन करणार नाही, नाव जाईल. इतकं सोपं.

दरम्यान संशय येऊ नये म्हणून बाकी सगळ्यांना ताबडतोब फोन करायचा.

१५ जानेवारी, गुरुवार

महिनाभर फोन करतो आहे. हिवाळा, लाईट, केबल, उंदीर. गुवाहाटीला रात्रीतून दोनदा. राव आता मला यशवंतभाऊ म्हणतात. त्यांनी माणसाबरोबर लोणचं पाठवलं. फरीदाबादचीही दोनदा थांबली. दोन्ही वेळा सवयीने बोट गेलं आणि रिंग लागल्यावर लक्षात आलं. हा सराव समजायचा.

विजया म्हणाली, हल्ली तुमचं बोलणं बरंच आटोपशीर झालंय. मी विचारलं, म्हणजे? ती म्हणाली, ‘लाईट गेली का, बरं ठेवतो,’ एवढंच बोलता. ऐकायला छान वाटतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संमेलन. तासाचं भाषण पद्मजाबाईंनी सात मिनिटांत संपवलं. उरलेल्या वेळात गुवाहाटीच्या मुलीला बोलावलं आणि तिने आपला प्रयोग दाखवला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्रेपन्न मिनिटं वाया. माझ्या हातात असती तर!

भाषणात बाईंनी माझं नाव घेतलं. म्हणाल्या, आमची बाराही घरं ज्यांच्या फोनमुळे टिकली. मला उभं राहायला लावलं. उभा राहिलो. एक शब्द बोलायला सांगितलं नाही कोणी. नमस्कार करून बसलो.

सूड आता पक्का. पुढच्या वेळी फोन करणार नाही म्हणजे नाही. हात बांधून बसेन.

३ मार्च, मंगळवार

दुपारी फरीदाबादचा ठिपका पिवळा झाला.

हीच ती वेळ. फोन टेबलावर उलटा ठेवला. हात मांडीखाली घेतले. एक मिनिट. सिद्धांतने आत डोकावून विचारलं, सर, फरीदाबाद दिसलं का? म्हणालो, दिसलं. दोन मिनिटं. म्यूट झालेली ती दुपार आठवली. तीन. त्यांच्याकडे आत्ता गुवाहाटीच्या त्या मुलीचा प्रयोग चालू आहे, हेही आठवलं, उगाच. चार.

चार मिनिटं मी काहीही केलं नाही. ही चार मिनिटं माझी. इतिहासात त्यांची नोंद व्हावी. मग फोन केला. दया म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून. म्हणालो, बाई, लाईट गेली का?

पद्मजाबाई म्हणाल्या, हो हो, आहोत आम्ही, लावतोय. आणि मग काळजीने विचारलं, सर, तुमची तब्येत बरी आहे ना? नेहमी मिनिटाच्या आत फोन येतो तुमचा. आज इतका उशीर झाला, मला वाटलं तुम्हालाच काही झालं की काय.

म्हणालो, थोडी सर्दी आहे.

त्यांनी काढा सांगितला. लिहून घेतला.